आनंद मिस्त्रींचा होकार

चंपतरावांचं पोस्टकार्ड बुधवारी आलं आणि त्या दिवसापासून आनंदरावांचं कशात लक्ष लागेना. कार्डात वावगं काही नव्हतं. उलट मानच होता, आणि त्या मानानंच सगळा घोळ केला होता.

चंपतराव म्हणजे त्यांचे व्याही, काटोलकडचे संत्र्याच्या बागा असलेले गृहस्थ. त्यांनी लिहिलं होतं की कामठी रोडवर मधुकरराव नावाचे एक कंत्राटदार राहतात, त्यांची लिलावातली जीप विकायची आहे. बागेच्या कामाला बरी पडेल. आपल्याला पसंत आहे, पण इवायांनी, म्हणजे व्याह्यांनी, पाहून हो म्हटल्याशिवाय घेणार नाही. रविवारी सकाळी येतो. सूनबाईंना आठवा सरतो आहे, नववा लागला की गुरुवारी त्याच जीपमधून तुमच्या घरी आणून पोचवतो.

सूनबाई म्हणजे आनंदरावांची एकुलती एक गोपिका. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं आणि आठव्या महिन्यात पोटुशीला जागची हलवत नाहीत, म्हणून ती तिकडे अडकून होती. तिच्या गावापासून काटोलपर्यंत सात मैल नुसती गाडीवाट, मध्ये दोन नाले, सावलीला धड झाड नाही. तिथं जीप बंद पडली तर दिवस भरत आलेली पोर काय करणार, हा विचार आनंदरावांच्या मनात आला आणि गेलाच नाही.

आता वाचणारा म्हणेल, त्यात काय, मिस्त्री माणूस, गाडी नीट पाहायची आणि सांगायचं. खरं आहे. महाल भागातल्या आनंद मिस्त्रींचं नाव त्याच कामाबद्दल होतं. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चालत्या इंजिनला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय झिजलंय ते सांगून टाकायचं. जुनी गाडी घेणारे लोक उमरेडहून, काटोलहून त्यांना शोधत यायचे. आनंदरावांनी मान हलवली की व्यवहार व्हायचा.

फक्त एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. आनंदरावांना आता ऐकू येत नव्हतं.

उजवा कान लहानपणीच फुटून वाहायला लागला होता आणि कधीच कामातून गेला होता. दोन वर्षांपासून डावाही वाहू लागला. डाव्या बाजूला उभं राहून कुणी जोरात बोललं तर शब्द कळत. बाकी सगळं जाड गोधडीतून आल्यासारखं. बायकोला, मनकर्णाबाईंना, अंदाज होता, पण त्या तरी काय बोलणार? एकदा विषय काढला तेव्हा आनंदराव दोन दिवस जेवायला बसताना भिंतीकडे तोंड करून बसले होते. ह्या माणसानं दोन वर्षांत कुणाला एकदाही 'काय म्हटलं?' असं विचारलं नाही. ऐकू आलं नाही की मान डोलवायची आणि 'हो, हो' म्हणायचं. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री सुटले. कित्येक भलत्या गोष्टींना ते हो म्हणून बसले होते आणि नंतर निस्तरत फिरले होते, पण अडाणी अभिमान असा सहजासहजी सुटत नाही.

मग काम कसं चालायचं? एक तर हात होते, नाक होतं, तीस वर्षांचा सराव होता. आणि दुसरं एक गुपित होतं. वर्षभरापूर्वी दोन्ही हात अडकलेले असताना त्यांनी पेचकस तोंडात धरला होता. वाकताना त्याचं टोक चालत्या इंजिनला लागलं आणि सगळं इंजिन त्यांच्या डोक्यात उघडलं. एकेक व्हॉल्व्ह, एकेक बेअरिंग, पूर्वी कानानं ऐकू यायचं त्याहून स्वच्छ. त्या दिवशी आनंदराव दुकानाचं दार लावून घेऊन तरुण पोरासारखे हसले होते. तेव्हापासून दुकानात कुणी नसलं की ते पेचकसाची मूठ दातात धरून ऐकत. चारचौघांत मात्र पेचकस कानालाच लागायचा, नुसता दाखवण्यापुरता. दातात पेचकस धरलेला मिस्त्री पाहिला की कुणीही विचारणार, कानाला काय झालं?

आणि रविवारी तर चारचौघांत खुद्द इवाई असणार होते. मुलीच्या सासऱ्यापुढे आपण बहिरे आहोत असं दाखवायचं? उद्या तिच्या सासरी सगळे म्हणतील, बहिऱ्याची पोर. आनंदरावांनी ठरवलं, काहीही करून जीप आपल्या दुकानात आणायची, सगळ्यांना चहाला पाठवायचं आणि दार लावून घ्यायचं.

हे ठरवूनही शनिवारी ते पाच वेळा उठले, पाच वेळा बसले. आधीच धारदार असलेला विळा त्यांनी पुन्हा घासला. शेवटी मनकर्णाबाईंनी विळा काढून घेतला आणि त्यांना भाजी आणायला पिटाळलं. त्यांनी मेथी सांगितली होती, हे अंबाडी घेऊन आले.

रविवारी चंपतराव आले ते टोपी, उपरणं, हातात संत्र्यांची करंडी अशा थाटात. आल्याआल्या ते आनंदरावांच्या डाव्या हाताला बसले आणि घर दणाणेल अशा आवाजात खुशाली सांगू लागले. गोपिका बरी आहे, पायावर थोडी सूज आहे, सुईण म्हणाली काळजी नाही. एवढं मोठ्यानं काहून बोलतात हे, असं आनंदरावांना वाटलं. मग वाटलं, शेतातला माणूस, ह्या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारायची सवय. त्यांना तो आवाज फार बरा वाटला. एकही शब्द सुटला नाही.

रिक्षा करून दोघं कामठी रोडला पोचले. मधुकररावांचा बंगला रस्त्यापासून आत होता आणि पुढच्या अंगणात जीप उभी होती. हिरवा रंग नुकताच दिलेला, काचा पुसलेल्या, बॉनेटवर झेंडूची माळ. मधुकरराव पांढऱ्याशुभ्र पायजम्यात पुढे आले. गोड माणूस. उमरेडकडे कोळशाची कामं होती, ती संपली, म्हणून गाडी काढतोय, असं ते म्हणाले असावेत. ते उजवीकडे उभे होते, त्यामुळे आनंदरावांनी मान डोलवली.

त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. जुनी गाडी पाहायची तर थंड असताना पाहावी, गरम इंजिन आपली दुखणी झाकतं, हे ते गिऱ्हाइकांना नेहमी सांगत. त्यांच्या मनात पहिली पाल चुकचुकली. गाडी दुकानावर नेऊन पाहतो, असं त्यांनी सांगितलं, पण मधुकररावांनी हात जोडले. चंपतरावांनी डाव्या कानाशी येऊन ते ऐकवलं: दुपारी दुसरं गिऱ्हाईक यायचं आहे, गाडी हलवता येणार नाही, पाहायचं ते इथंच पाहा.

म्हणजे बेत पहिल्याच पायरीला फसला.

आनंदरावांनी बाह्या सरसावल्या. पुढचं चाक जॅकवर उचलून हलवून पाहिलं, खेळ नव्हता. स्टिअरिंग बोटभर रिकामं फिरत होतं, तेवढं चालतं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. पुढे हँडल घालून इंजिन हातानं फिरवलं, तर चारही वेळा हाताला सारखा दाब लागला, म्हणजे चारही सिलिंडर सारखे. गाडी सुरू केली, सायलेन्सरपुढे रुमाल धरला, काळा झाला नाही. ब्रेक मारले, गाडी सरळ थांबली. आतापर्यंत सगळं हातानं आणि डोळ्यांनी कळणारं होतं आणि सगळं ठीक होतं. आनंदरावांना जरा उभारी आली.

मग त्यांनी तेल मोजायची सळई बाहेर काढली. तेल बोटावर घेतलं, चोळलं. गरम इंजिनातलं तेल पाण्यासारखं पळायला हवं. हे काकवीसारखं बोटाला चिकटून राहिलं. तेलाचा दाब सांगणारा काटाही शून्यावर मेलेला. मधुकररावांनी हसत काही सांगितलं, बहुधा तार तुटली असेल असंच.

जाड तेल घालणारा माणूस काहीतरी झाकतो, हे आनंदराव काही काल शिकले नव्हते. काय झाकतो, ते मात्र ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

त्यांनी झोळीतून पेचकस काढला. चंपतराव डाव्या खांद्याला खेटून उभे. मधुकरराव समोर. बंगल्यातला नोकरही ओट्यावर येऊन थांबला, कारण मिस्त्रींची कीर्ती तिथवर पोचली होती. आनंदराव म्हणाले, तुम्ही चहा घ्या तोवर. मधुकरराव म्हणाले, चहा इथंच मागवतो. आनंदराव म्हणाले, उन्हात कशाला उभे राहता इवाई, सावलीत बसा. चंपतराव म्हणाले, तुमी उन्हात काम करता अन् मी सावलीत बसू काय?

इतका सज्जनपणा माणसाला नको असतो तेव्हाच नेमका वाट्याला येतो.

आनंदरावांनी पेचकसाचं टोक इंजिनच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आनंदरावांच्या कानात मूठ थरथरत होती, बाकी अंधार. त्यांनी टोक खाली सरकवलं, वर सरकवलं. कपाळावर घाम आला. एकदा पेचकस तोंडाजवळ नेला आणि मूठ पुसल्यासारखं करून परत कानाला लावला. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं. तिघं जण वाट पाहत होते.

"ठीक हाये," आनंदराव म्हणाले. "घ्या."

मधुकररावांनी टाळी वाजवून नोकराला नारळ आणायला सांगितलं. चाकापुढे नारळ फुटला की गाडी चंपतरावांची. तोवर चहा आला. सगळे ओट्यावर बसले. आनंदरावांनी कपबशी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. ते उठले, पुन्हा बसले. मनाशी म्हणाले, तेल जाड असलं म्हणून काय झालं, बदलून टाकू. मग म्हणाले, गुरुवारच्या आत मीच खाली उतरवून पाहीन. पण जीप आजच काटोलला जाणार होती आणि गुरुवारीच परत येणार होती, पोरीला घेऊन.

चंपतराव त्यांच्या डाव्या कानाशी सांगत होते. मागे दोन गाद्या टाकणार, वर लोड. नाल्यात उतरताना गाडी हळू घेणार, गोपिकेचा नवरा श्रीधर स्वतः चालवणार. सुईण सोबत असेल. सूनबाई म्हणाली, दमणीत नको, बैलगाडीचे धक्के बसतात, बाबांनी पाहिलेली जीप असेल तर मला भीती नाही.

नोकर नारळ घेऊन बाहेर आला.

आनंदराव उठले. ह्या खेपेला ते परत बसले नाहीत. ते सरळ जीपकडे गेले, किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं. मधुकरराव मागून काहीतरी म्हणत आले. आनंदरावांनी मान डोलवली नाही, वळूनही पाहिलं नाही. पेचकसाचं टोक इंजिनच्या तळाशी टेकवलं आणि लाकडी मूठ दातात घट्ट धरली. भर अंगणात, इवायांसमोर, नोकरासमोर, कंबरेत वाकून.

एका हातानं त्यांनी गॅस थोडा वाढवला आणि सोडला. पुन्हा वाढवला, सोडला. सोडताना आवाज आला. ठक, ठक, ठक. खोल, जाड, ओल्या लाकडावर हातोडी मारावी तसा. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग संपलेलं होतं. जाड तेलानं त्या आवाजाला गुंडाळून ठेवलं होतं, म्हणून उघड्या कानालाही तो आला नसता. पण ते तेल आणखी तापून सैल झालं की पन्नास-साठ मैलांत रॉड सुटणार आणि इंजिनला भोक पाडून बाहेर येणार.

आनंदरावांनी पेचकस तोंडातून काढला. मुठीवर दातांचे वण उमटले होते.

"इवाई, गाडी घेऊ नका," ते म्हणाले. "मघा मी हो म्हटलं ते खोटं होतं. मले कानानं ऐकू येत नाई. दोन वर्सं झाले. दातानं येते."

मधुकररावांचा गोडवा उतरला. ते चंपतरावांजवळ जाऊन हातवारे करत बोलू लागले. आनंदरावांना शब्द कळले नाहीत, पण बोट आपल्या कानाकडे जातंय एवढं दिसलं. बहिऱ्याच्या सांगण्यावरून सौदा मोडता काय, असंच असणार, दुसरं काय?

चंपतरावांनी उपरणं नोकराच्या हातात दिलं. टोपी बॉनेटवर ठेवली. आनंदरावांच्या हातातला पेचकस घेतला, मूठ धोतराला पुसली आणि दातात धरली. एवढा मोठा बागाईतदार, मिशा फेंदारून इंजिनवर ओणवा झाला. आनंदरावांनी टोक योग्य जागी लावून दिलं आणि गॅस वाढवून सोडला. चंपतरावांचे डोळे मोठे झाले. त्यांनी बोट वर करून पुन्हा, अशी खूण केली. आनंदरावांनी पुन्हा सोडला.

चंपतराव सरळ उभे राहिले आणि टोपी डोक्यावर घालून मधुकररावांना म्हणाले, "आतून कोणी ठोकून राहिलं, भाऊ. त्याले बाहेर काढा, मंग गाडी विका."

चंपतरावांनी तेलाबद्दल विचारलं तेव्हा मधुकररावांनी पायजम्याची नाडी नीट केली, एवढंच. नारळ ओट्यावर तसाच राहिला.

दोघं चालत रस्त्याकडे निघाले. रिक्षा दिसेना. उन्हानं डांबर मऊ व्हायला लागलं होतं. आनंदराव खाली मान घालून पावलं मोजत होते. मग न राहवून म्हणाले, आधी सांगायला हवं होतं, चुकलो, तुम्ही मला मोठेपणा देऊन बोलावलं आणि मी असा.

"मले माहीत होतं," चंपतराव त्यांच्या डाव्या बाजूनं म्हणाले. "सूनबाईनं दिवाळीतच सांगतलं. मामाजी, माया बाबाच्या डाव्या हाताले बसत जा, अन् जोरानं बोलत जा, पण त्याईले कळू देऊ नका."

आनंदराव जागच्या जागी थांबले. सकाळपासूनचा तो दणदणीत आवाज, ती डावी बाजू.

"मंग मले काहून बोलावलं?"

"मी बी तेच म्हटलं. ऐकू येत नाई त्या माणसाले कशाले तरास द्याचा. तं तिनं म्हटलं, नाई, बाबाईलेच दाखवा. बाबाईले ऐकू नाई आलं तं ते हो म्हणनारच नाईत. हो म्हटलं तं मी डोळे मिटून बसते त्या गाडीत."

भर उन्हात आनंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हो म्हटलं होतं. नारळ आणेपर्यंतची दहा मिनिटं तो होकार अंगणात उभा होता, आणि गोपिका त्यावर डोळे मिटून बसायला तयार होती. चंपतरावांनी त्या पहिल्या होकाराचा विषय त्या दिवशी काढला नाही, पुढेही कधी काढला नाही. ते रिक्षा शोधत राहिले.

गुरुवारी गोपिका बसनंच आली. गावापासून काटोलपर्यंत दमणीत चौघींच्या गोधड्या टाकून तिला आणलं, तिथून पुढे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. आनंदराव तासभर आधी स्टँडवर जाऊन उभे होते. दर बसगणिक पुढे धावत होते आणि परत येत होते. मनकर्णाबाई बाकावर बसून हे पाहत होत्या आणि त्यांनी नवऱ्याला बसा म्हणणं कधीच सोडून दिलं होतं.

काटोलची गाडी लागली. आधी चंपतराव उतरले, मग त्यांचा हात धरून गोपिका, सुजलेल्या पायांनी, एकेक पायरी. ती बापासमोर आली. मागे बसचं इंजिन धडधडत होतं, हमाल ओरडत होते, कंडक्टर घंटी मारत होता. गोपिका काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले, आनंदरावांना एक अक्षर कळलं नाही.

सवयीनं त्यांची मान हलायला लागली, हो, हो. अर्ध्यावर त्यांनी ती थांबवली.

"पोरी, मले ऐकू नाई आलं वं," ते म्हणाले. "परत सांग."

गोपिकेनं क्षणभर सासऱ्यांकडे पाहिलं. मग ती चालत बापाच्या डाव्या हाताला आली, पदर सावरला आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "तहान लागली, बाबा. पाणी आणलं काय?"

"आणलं," आनंदराव म्हणाले, आणि झोळीत हात घालून पाण्याची बाटली शोधू लागले.